हा फोटो आमच्या पोरीचा नाही

मी एक जुनी एक्स-रे फिल्म आहे. कपाटावर पडून पडून माझ्या कडा वळल्यात, पण उजेडाला धरलंत तर नऊ वर्षांच्या मुलीचा गुडघा अजून स्वच्छ दिसतो. मित्रांनो, त्या गुडघ्याच्या वरच्या हाडात एक विस्कटलेला पांढुरका डाग आहे. त्या डागापायी एका घरानं मला खोटं ठरवलं.

मुलीला सगळे ठकी म्हणत. बाप कुलपं दुरुस्त करायचा, आई कपडे शिवायची. ठकीचा गुडघा सुजला म्हणून तिला हॉस्पिटलात नेलं. मला बघून डॉक्टर उभ्याउभ्याच म्हणाले, "हाडाचा कॅन्सर दिसतोय. तपासणीसाठी आजच दाखल करा. पाय कदाचित काढावा लागेल." तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

बापाच्या मनात पाल चुकचुकली. घरी आल्यावर तो म्हणाला, "एक्स-रेच्या खोलीबाहेर हिच्याच वयाच्या तीन मुली होत्या. पाकिटं बदलली असणार. ही नुसती पडलीय." हॉस्पिटलचा फोन आला की तो कापायचा. "एवढे मागे लागतात म्हणजे काहीतरी काळंबेरं आहेच!"

मग मालिशवाला येऊ लागला. ठकी ओठ चावून सोसायची. "उतरतेय सूज," असं तो दर खेपेला म्हणायचा. मला त्याचाच संशय यायचा, पण माझं ऐकणार कोण?

आईनं मात्र शिवणाची टेप गुडघ्याला गुंडाळली. आठवड्यानं पुन्हा मोजलं, तर बोटभर वाढ! तिनं मला खाली काढून खिडकीशी धरलं.

"अहो, इकडे या. ही पिन दिसते का?"

"कसली पिन?"

"फोटोच्या दिवशी फ्रॉकची दुमड उसवली होती, म्हणून मीच लावली होती. फोटो आपल्याच ठकीचा आहे."

बाप पिन बघायला वाकला. मग चपला शोधू लागला.

पण दोन महिने हातचे गेले होते. तेव्हाच आला असतात, तर पाय वाचवायचा प्रयत्न तरी करता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. पाय गेला. औषधांनी केसही गेले. ठकी मात्र वाचली.

मोठी झाल्यावर एकदा तिनं मला हातात घेऊन विचारलं, "बाबा, शंका होती तर डॉक्टरांनाच का नाही विचारलंत?"

"ते 'खरं आहे' म्हणाले असते ना, पोरी," बाप म्हणाला. "तेच ऐकायचं नव्हतं मला."

मित्रांनो, संशय खुशाल घ्या. पण तो उराशी धरून घरी बसू नका. डॉक्टरांसमोर मांडा, पुन्हा पुन्हा विचारा. माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरा फोटो काढायला सांगा. त्याला पाच मिनिटं लागतात.