सातवा लाल ठिपका

पेंटरकाकांचा उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला होता. अक्षर असं की, दुकानात काही घ्यायचं नसलं तरी माणूस पाटी वाचायला थांबावा. पण अणू रंगवायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. शाळेच्या प्रयोगशाळेची भिंत त्यांच्या हवाली करताना विज्ञानाच्या बाईंनी कागदावर सगळं लिहून दिलं होतं. कार्बनचा अणू. मधोमध केंद्रक, त्यात सहा लाल प्रोटॉन आणि सहा करडे न्यूट्रॉन. भोवती सहा निळे इलेक्ट्रॉन, दोन आतल्या कड्यात, चार बाहेरच्या.

दोन दिवसांत काम उरकलं. बाई आल्या, भिंत बघून खूश झाल्या आणि सवयीनं मोजू लागल्या.

"काका, लाल सात झालेत."

"उजवी बाजू बोडकी दिसत होती, म्हणून एक वाढवला. एका ठिपक्यानं काय बिघडतंय?"

"नावच बदलतं ना. अणू कुठला, ते प्रोटॉनवरून ठरतं. सहा असले तर कार्बन, सात झाले की नायट्रोजन."

काकांनी वर पाहिलं. तिथं त्यांनी हातभर उंच अक्षरांत 'कार्बन' लिहिलं होतं आणि त्यातल्या रफारावर तर त्यांचा जीव जडला होता. ठिपका खरवडावा तर खालचा रंगही निघणार. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"मग नायट्रोजनच राहू द्या की," ते चाचरत म्हणाले.

"सात लाल आणि करडे सहाच? असला नायट्रोजन टिकत नाही, काका. दहा मिनिटांत निम्मा संपतो."

"माझा रंग दहा वर्षं हलत नाही, बाई."

बाईंना हसू फुटलं आणि हसता हसता त्या थबकल्या. "अहो, संपतो म्हणजे त्यातल्या एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो. राहिले सहा लाल, सात करडे. म्हणजे कार्बनच, फक्त जरासा जड."

"जड चालतो?"

"न चालायला काय झालं? शंभरात एखादा असतोच तसा. आणि चांगला टिकतो."

काकांनी करड्या रंगाचा डबा उघडला, श्वास रोखला आणि सातव्या ठिपक्यावरून ब्रश फिरवला. बाईंनी पुन्हा मोजलं आणि मान डोलावली.

घरी गेल्यावर काकूंनी चेहरा बघूनच विचारलं, "काय घोळ घातलात?"

"घोळ कसला? निसर्ग जे करतो तेच केलं, एका फटक्यात."

"मग त्या निसर्गाला म्हणावं, आपलं दार वर्षभर रंगवायचं राहिलंय."

काका हसले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दार घासायला बसले.