पाव तास पुढं

शेलूबाजारच्या 'हिरवीगार शेतकरी उत्पादक कंपनी'त वेळ ही सर्व्हरच्या मालकीची होती. सोयाबीन मोजायचा काटा उघडायचा सर्व्हरच्या घड्याळानं, आणि पाच वाजता आपोआप बंद पडायचा तोही त्याच घड्याळानं. दाराशी अंगठा लावायचं मशीनसुद्धा त्यालाच विचारून हजेरी मांडायचं. आणि दिवाळीच्या तोंडावर या घड्याळानं पुढं उड्या मारायला सुरुवात केली.

खापर फुटलं रुचिकावर. रुचिका कंपनीची ऑपरेटर, मानोऱ्याकडच्या तांड्यावरची, वर्षभराच्या कच्च्या नोकरीवर. सोमवारच्या मिटिंगमध्ये तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. कायम झाली तर तिची याडी गोमतीबाई यंदा ऊस तोडायला जाणार नव्हती. मायलेकींचं तसं ठरलं होतं. याडीच्या गुडघ्यांनी तर ते केव्हाच ठरवलं होतं.

"ओ बाई," भिवाजी रिठदहून माल घेऊन आला तो खिडकीतच ओरडला, "ऊन अजून पाठीवर हाय, अन् तुयं मशीन मनते सांज झाली? काटा काहून बंद?"

कंपनीचे अध्यक्ष पुंजाजीभाऊ आतून म्हणाले, "रुचिका, सोमवारच्या आत हे निस्तर. नाई तं कायमचं विसर."

बिचारीनं काय केलं नाही? सर्व्हरचं पोट उघडून नाण्याएवढी बॅटरी बदलली. इंटरनेटवरून वेळ घ्यायची सोय चालू केली, तर दुपारी बघते तो ती कुणीतरी बंद केलेली. वाशिमच्या पवन इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, व्हायरस असेल. पवन पंख्याच्या आवाजालाही व्हायरसच म्हणतो. एका संचालकाचं मत पडलं की ढगाळ हवेत उपग्रह चुकतो. मॅनेजर साधनाताईंनी सर्व्हरचं तोंड दक्षिणेला असल्याचा शोध लावला, म्हणून चौघांनी धरून तो पूर्वेला फिरवला. घड्याळ पूर्वेकडे तोंड करून उड्या मारायला लागलं.

"पासवर्ड टाकू का, भाऊ?" रुचिकानं विचारलं.

"घरच्या मानसायपासून काय लपवाचं?" पुंजाजीभाऊ दुखावले. "हे काय दारूचं दुकान हाय का?"

रोज सकाळी रुचिका पहिली जीप धरून सगळ्यांच्या आधी यायची. दाराला अंगठा लावल्याशिवाय आत जाता येत नसे, म्हणून आधी अंगठा, मग सर्व्हर. घड्याळ जागेवर आणायची आणि कामाला लागायची. दुपार ओलांडली की ते पुन्हा पुढं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

शनिवारी चहाच्या सुट्टीत ती सर्व्हरच्या टेबलाखाली शिरून वायर तपासत होती. दार वाजलं. टेबलाखालून तिला टायरच्या चपला दिसल्या, म्हणजे शिपाई लखीराम. तो पुटपुटला, "अजून एवढेच वाजले? कर बाप्पा पाव तास पुढं." दोनदा टिकटिक झाली आणि चपला गेल्या. रुचिका बाहेर निघणार तोच निळ्या सँडल आल्या. साधनाताईंनी घड्याळाकडं पाहून सुस्कारा सोडला. "पाव तास पुढं ठेवलं की स्टाफ कसा वेळेवर येतो," असं स्वतःलाच सांगितलं आणि टिकटिक केली. शेवटी पांढरे बूट आले, खोकत. पुंजाजीभाऊंनी चष्मा शोधला. "घरच्या घड्याळाच्या दररोज मागं पडते हे डबडं," ते चिडून म्हणाले, आणि त्यांनीही पाव तास ढकलला.

तिघं गेल्यावर रुचिका टेबलाखालीच बसून राहिली आणि तोंडात ओढणी कोंबून हसली. तिच्या ध्यानात कसं आलं नाही? आपल्याकडं भिंतीवरचं घड्याळ खरी वेळ सांगायला थोडंच लावलेलं असतं! पाहुणा विचारतो, किती वाजले? घरधनीण म्हणते, सहा, पन आपलं पुढं हाय. घरात सगळ्यांना माहीत असतं की ते पुढं आहे, म्हणून सगळे निवांत, म्हणून सगळ्यांना उशीर, म्हणून ते आणखी पुढं. ही घरची रीत तिघांनी मोठ्या मायेनं, एकमेकांना ताकास तूर लागू न देता, सर्व्हरला लावली होती.

सोमवारी मिटिंगमध्ये ती उभी राहिली. "भाऊ, घड्याळ बिघडलं नाई. आपूनच त्याले पुढं करून राह्यलो. तिघं जनं."

लखीराम म्हणाला, "म्या तं पावच तास केला." साधनाताई म्हणाल्या, "मी पण पावच." पुंजाजीभाऊ छताकडं पाहत म्हणाले, "पाव तासानं काय होते?"

संचालक हसले. तिथंच सगळं बिनसलं. भरल्या सभेत अध्यक्षांचं नाक कापलं गेलं होतं, आणि त्यांना तो राग कुणावर तरी काढायचा होता.

"हजेरी दाखवा बरं," ते साधनाताईंना म्हणाले. "बाई लई टायमाच्या गोष्टी सांगून राह्यली."

हजेरी पडद्यावर आली. अख्ख्या कंपनीत पंधरा दिवस रोज उशिरा येणारं एकच माणूस निघालं, ते म्हणजे रुचिका. ती पहिली यायची, तेव्हा घड्याळ आदल्या दिवशीचं, पुढं ढकललेलं असायचं. ती ते सरळ करायची. मागून रमतगमत येणारे सगळे वेळेवर.

"भाऊ, ते मशीन खोटं बोलून राह्यलं," रुचिका म्हणाली. "मी तं सगळ्यायच्या आंधी येतो."

"मशीन खोटं बोलते?"

"हो, भाऊ."

"अन् मशीन सांभाळाले ठेवलं कोनाले?"

तिची कच्ची नोकरी आणखी सहा महिने कच्चीच ठेवावी, आणि सर्व्हरचं घड्याळ यापुढं नियमानंच पाव तास पुढं असावं, असे दोन ठराव एकमतानं पास झाले. मग सगळ्यांनी चहा घेतला. तिलाही दिला.

दिवाळी झाल्यावर गोमतीबाईनं कोयता फडक्यात गुंडाळला. मुकादमानं ट्रक आठला येईल असं सांगितलं होतं. रुचिका सुट्टी टाकून घरीच थांबली होती.

"बस ना याडी, जरा वेळ," ती म्हणाली. "आठ मंजे नऊ तरी होतेच. आपल्याकडं कोन टायमावर येते?"

गोमतीबाईलाही ते पटलं. तिनं चुलीवर चहा ठेवला आणि गुडघे चोळत लेकीजवळ टेकली. चहाला उकळी यायच्या आधीच तांड्याच्या तोंडाशी हॉर्न वाजला. बरोबर आठ वाजले होते.