शलाकाचे शेरे

आपलं पुस्तक-मंडळ चालवणाऱ्या प्रेमामावशींनी मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, "शलाका हल्ली सगळ्याच पुस्तकांना छान म्हणतेय. एकदा बघून ये गं." मी म्हटलं, "मावशी, बाळंतीण आहे ती. पुस्तकांशी भांडायला ताकद कुठली?" आणि विषय सोडून दिला.

तुम्ही मंडळात नवीन, म्हणून सांगते. बसवनगुडीहून निघणारी ही पुस्तकांची पिशवी बंगळूरभर घरोघर फिरते. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागद चिकटवलाय. वाचून झालं की त्यावर शेरा लिहायचा, भीडभाड न ठेवता. यादीत शलाकानंतर मी, माझ्यानंतर तुम्ही.

तिच्या शेऱ्यांसाठीच मी पिशवीची वाट बघायचे. जाडजूड कौटुंबिक कादंबरीवर तिनं लिहिलेलं, "शंभर पानं नुसती वंशावळ. खापरपणजीपर्यंत पोचले आणि आमटी करपली." कवितांवर, "कवीला आधी जेवायला घाला." बालसंगोपनाच्या पुस्तकावर, तेव्हा तिला सातवा महिना होता, "लेखकानं आयुष्यात एक लंगोट बदललेला नाही, पैज."

या खेपेला पाच पुस्तकं, पाच शेरे: छान आहे. त्यातल्या रहस्यकथेवर, "छान आहे. शेवट आवडला."

त्या पुस्तकाला शेवट नाहीये. शेवटची वीस पानं कधीच गळालीत. कागदावर शलाकाच्या वर लिहिणाऱ्या सगळ्यांनी त्यावरून शिव्या घातल्यात.

माझ्या मुलीचा श्वास चालू आहे ना, हे दिवसातून दहादा बघणारी मी. पण ही ओळ वाचेपर्यंत मला काही दिसलं नव्हतं. मंगळवारी मुलीला कडेवर घेऊन मेट्रोनं के. आर. पुरमला गेले. दार पुष्करनं, तिच्या नवऱ्यानं उघडलं. शलाका सोफ्यावर बसली होती, वेणीफणी नीट केलेली. आतल्या खोलीत तीन महिन्यांची पोर रडत होती. शलाका उठली नाही.

"शेवट काय होता गं त्या रहस्यकथेचा?"

"छान होता."

"शलाका, त्याची पानंच नाहीत."

"हो का? मला वाटलं, मलाच कळला नाही." मग हळूच म्हणाली, "ही आता बाटलीनं पिते. मी नसले तरी अडणार नाही."

"बघा, सगळं प्लॅनिंग तयार," पुष्कर हसून म्हणाला.

निघताना त्याला जिन्यात गाठून सांगितलं, हिला आजच डॉक्टरकडे ने, एकटी ठेवू नकोस. "सरी, बरं, बघतो. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे या आठवड्यात. झोप झाली की होईल ठीक."

आज गुरुवार. कालपासून ती फोन उचलत नाही. पुष्कर मेसेजवर फक्त "ऑल गुड" पाठवतो. माझ्या मुलीला एकशेदोन ताप आहे, मला घर सोडता येत नाही. मावशी साताऱ्याला. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून ही चिठ्ठी पिशवीत घालून आत्ताच रिक्षानं पाठवतेय; माझा नंबर मागे लिहिलाय.

तुमचं घर तिच्याच गल्लीत आहे, चार इमारती सोडून. पिशवी हातात पडली की पुस्तकं तशीच राहू द्या आणि तिच्याकडे जा. दुसरा मजला, डावीकडचं दार. तो म्हणेल झोपलीय, तरी आत जा. पोरीला उचलून घ्या, शलाकाजवळ बसा, आणि तिला डॉक्टरकडे नेईपर्यंत तिथून हलू नका. ती दिसली की मला फोन करा.