धाकटी जिंकणार नाही

स्पर्धेच्या आदल्या दिवशी क्रीडावाहिनीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाने थोरलीला नेहमीचा प्रश्न विचारला. "मग बाई, यंदा करंडक कोणाचा?"

थोरली एके काळची स्क्वॉशमधली बडी खेळाडू. गुडघा कायमचा गेल्यावर ती समालोचनाकडे वळली. तिचे अंदाज सहसा चुकत नसत आणि ती कोणाची भीडही ठेवत नसे, म्हणून लोकांना ती आवडायची. यंदा वाहिनीवाल्यांना या प्रश्नात जरा जास्तच रस होता, कारण तिची सख्खी धाकटी बहीण स्पर्धेत उतरली होती. चौतिशी गाठलेल्या धाकटीने ही आपली शेवटची मोठी स्पर्धा असं आधीच जाहीर करून टाकलं होतं.

"डावखुरी जिंकेल," थोरली म्हणाली. डावखुरी म्हणजे एक विशीतली, ताडमाड वाढलेली पोरगी. डाव्या हाताने असा चेंडू हाणायची की समोरच्याला तो दिसायच्या आधी ऐकू यायचा.

"आणि तुमची बहीण?"

"ती जिंकणार नाही. हात चालतो, पायही चालतात. पण दमली की घाबरते. मी नऊ वर्षं शिकवलंय तिला, मला ठाऊक आहे."

सूत्रसंचालक खूश झाला. धाकटी त्या वेळी मालिशवालीच्या टेबलावर पालथी पडून समोरच्या टीव्हीवर हे बघत होती. ती तशीच उठली, अंगात जॅकेट अडकवलं आणि तडक स्टुडिओत गेली.

थोरली आरशासमोर बसून चेहऱ्यावरचा रंग पुसत होती.

"घाबरते?" धाकटी दारातूनच ओरडली. "सगळ्या जगासमोर?"

"मला विचारलं, मी सांगितलं."

"परक्या माणसानेही जरा सांभाळून घेतलं असतं गं, ताई!"

"परक्या माणसाला तू दोन ओळींचा मेसेज टाकून सोडलं नसतंस," थोरली आरशातूनच म्हणाली. "लग्न झालं, नवरा प्रशिक्षक झाला, आणि ताई अडगळीत."

"म्हणजे तो राग आहे तर."

"राग बिग काही नाही. अंदाज आहे. चुकीचा असेल तर जिंकून दाखव."

धाकटीने तिच्यासमोरचा रंगाचा डबा हाताने उडवला. पावडर सगळ्या टेबलावर पसरली. थोरलीने नुसतं पुढचं फडकं ओढलं आणि ती पुसायला घेतली. त्या शांतपणामुळे धाकटीच्या डोक्यात आणखीच तिडीक गेली.

त्या तिडिकीवर ती खेळत सुटली. पहिल्या फेरीत तिने एका बिचारीला अक्षरशः धुऊन काढलं. पुढच्या दोन्ही फेऱ्यांत पिछाडीवरून जिंकली. उपांत्य सामना तर सव्वा तास चालला आणि शेवटी समोरचीच ढेपाळली. पत्रकार थोरलीला गाठून विचारू लागले, "बाई, अंदाज बदलायचा का?" थोरली म्हणायची, "अंतिम सामना होऊ दे, मग बोलू."

अंतिम सामन्यात समोर डावखुरीच होती.

काचेचं कोर्ट सभागृहाच्या मधोमध उभं केलं होतं. प्रेक्षकांना दाराशीच कानात घालायची छोटी यंत्रं वाटली होती, खेळ बघता बघता समालोचन ऐकता यावं म्हणून. थोरली वरच्या मजल्यावर समालोचकांसाठी केलेल्या खोपटात माइकसमोर बसली होती.

पहिले दोन गेम धाकटीने घेतले. तिसऱ्यात तिचा श्वास फुलला आणि थोरलीने ते लगेच हेरलं. "बघा, आता तिची मूठ रॅकेटवर वर सरकली," ती माइकमध्ये म्हणाली. "दमली की हे होतं. आता ती लांब मारणार नाही. चेंडू पुढच्या भिंतीपाशी हलकेच टाकणार."

झालंही तसंच. चार वेळा तसंच झालं. पहिल्या वेळी डावखुरीला उशीर झाला, पण गेम संपता संपता ती चेंडूच्या आधीच पुढे येऊन उभी राहू लागली. तिसरा गेम तिने घेतला, चौथाही घेतला. आता पाचव्यावर सगळं येऊन ठेपलं.

धाकटीचा नवरा काचेबाहेर बसला होता. त्याला काही केल्या उमजेना की या पोरीला पुढचा फटका आधी कळतो कसा. मग त्याची नजर समोरच्या बाकावर गेली. डावखुरीच्या प्रशिक्षकाच्या कानात ते यंत्र होतं, आणि तिसरा गेम चालू असतानाच तो काचेबाहेरून तिला स्वतःची मूठ वर-खाली करून काहीतरी दाखवत होता, हे त्याला आता आठवलं.

पाचव्या गेमआधीच्या विश्रांतीत तो टॉवेल घेऊन बायकोकडे धावला. "तुझी ताई वरून सगळं सांगतेय. मुठीचं. त्यांचा माणूस ऐकतोय. मी वर जातो, तोंड बंद करायला लावतो."

धाकटीने पाण्याचा घोट घेतला आणि वर त्या खोपटाकडे पाहिलं.

"जाऊ नकोस."

"अगं, ती तुला बुडवतेय!"

"बोलू दे तिला," धाकटी दात आवळून म्हणाली. "भरपूर बोलू दे."

पाचवा गेम बरोबरीत चालला. सात-सात. धाकटीची मूठ वर सरकली.

"पुढे टाकणार," थोरली म्हणाली.

डावखुरी पुढे झेपावली. धाकटीने मनगट उलटं केलं आणि चेंडू उंच उचलला. तो डावखुरीच्या डोक्यावरून जाऊन मागच्या कोपऱ्यात मेल्यासारखा पडला. सभागृह उसळलं.

पुढच्या वेळी पुन्हा मूठ वर. थोरलीच्या तोंडून शब्द निघून गेले, "आता मात्र पुढेच." पुन्हा तोच उंच चेंडू, पुन्हा तोच कोपरा. तिसऱ्या वेळी थोरली काही बोललीच नाही, पण डावखुरी सवयीने पुढे गेली आणि फसली.

थोरलीच्या लक्षात आलं. धाकटी खोटंखोटं दमत होती. आपल्याच डोळ्यांचा आणि आपल्याच जिभेचा वापर करून तिने डावखुरीला नाचवलं होतं, आणि आपण हजारो लोकांसमोर तोंडघशी पडलो होतो.

कानातल्या यंत्रातून निर्माता ओरडत होता, "बाई, बोला! काही तरी बोला!"

"मला आता तिचं काही सांगता येत नाही," थोरली म्हणाली. नऊ वर्षांत शिकवलेलं तिने सगळं ओळखलं असतं, पण हे तिने शिकवलं नव्हतं.

डावखुरीचा शेवटचा चेंडू भिंतीच्या तळाच्या पत्र्यावर आदळला आणि खणकला. धाकटी जिंकली. ती गुडघ्यांवर बसली नाही, रडली नाही. रॅकेट बगलेत धरून ती सरळ काचेबाहेर आली.

कोर्टावरची मुलाखत थोरलीलाच घ्यायची होती. तिने माइक पुढे केला. "अभिनंदन. पाचव्या गेममध्ये काय ठरवलं होतंस?"

धाकटी माइककडे वाकली. "काही नाही. माझ्याबद्दल कोण काय बोलतंय ते कळलं, आणि ते बोलणं कामाला लावलं." एवढं बोलून ती निघाली. लोक हसले, टाळ्या पडल्या. थोरलीही कॅमेऱ्यासाठी हसली.

नंतर कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात दोघी समोरासमोर आल्या. नवरा मध्ये पडू लागला तशी धाकटीने त्याला हाताने मागे सारलं.

"एकच विचारते, ताई. त्यांचा माणूस ऐकतोय, हे तुला माहीत होतं?"

"चौथ्या गेममध्ये दिसलं मला."

"तरी बोलत राहिलीस."

"ते माझं काम आहे."

"काम बाजूला ठेव. मी हरावं असं तुला वाटत होतं ना?"

खोटं बोलणं थोरलीला सोपं होतं, आणि कदाचित धाकटीने ते मानलंही असतं.

"हो," ती म्हणाली. "त्याच्या हाताखाली तू जिंकलेलं मला बघवणार नव्हतं."

नवरा काहीतरी बोलायला गेला, पण धाकटीने मान हलवली. तिने बॅग खांद्यावर टाकली.

"आईकडे मी असेन तेव्हा येत जाऊ नकोस," ती म्हणाली.

"घर आईचं आहे."

"मग आईलाच सांग, मी असं का म्हणतेय ते."

थोरलीने आईला ते सांगितलं नाही. धाकटीनेही नाही. आता एक मंगळवारी जाते, एक रविवारी. आई दोघींना जेवायला वाढते आणि एकीसमोर दुसरीचं नाव काढत नाही.