घरच्यासारखं

दार उघडून आईने समोरच्या हातातली बॅग घेतली, पायपुसण्याकडे बोट दाखवलं आणि हसून म्हणाली,

"या, या. प्रवास बरा झाला ना? अगदी घरच्यासारखं राहा हं."

मग मान वर केली. दारात तिची लेक उभी होती.

इथे दोघींनी हसायला हवं होतं. हसल्याही, पण जरा उशिरा.

"मेलं तोंडाला वळण पडलंय," आई म्हणाली. "परवा दूधवाल्यालाही म्हटलं, घरच्यासारखं राहा. बिचारा दूध न घालताच पळाला."

लेकीने चपला काढल्या आणि पाहुण्यांच्या चपलांच्या रांगेत, शेवटी, नीट लावून ठेवल्या.

*प्रकरण तिसरे. तळ्याकाठच्या या वस्तीत पूर्वी घरे होती. आता खोल्या आहेत. पर्यटनामुळे यजमान कुटुंबांचे खासगी आयुष्य…*

हे वाक्य प्रबंधात तसंच अर्धवट लटकलेलं. ते पुरं करायला ती आली होती. ज्या खोल्यांच्या भाड्यावर ती शिकली, त्याच खोल्यांविषयी आता शिकलेल्या भाषेत लिहायचं होतं.

तिने मोबाइल ओट्यावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. आईने बटाटे सोलता सोलता केस सारखे केले.

"पाहुण्यांमुळे घरातल्या माणसांच्या वागण्यात काही बदल झाला का?"

"आमच्याकडे सर्व सोयी उपलब्ध आहेत. गरम पाणी चोवीस तास."

"आई, मी गिऱ्हाईक नाहीये."

"मग परक्यासारखं काय विचारतेस? घरातली माणसं म्हणे! बाबा गेल्यापासून घरात मी आणि गीझर. दोघंही लवकर तापतो."

पुढचा प्रश्न कागदावर होता. लेकीने विचारला तो कागदावर नव्हता.

"माझी खोली कधी दिलीस?"

सुरी थांबली.

"पहिले दोन हंगाम कुलूप लावून ठेवली होती. मग एक बाई आली, तापलेलं पोर कडेवर. बाकी सगळ्या भरलेल्या. तुझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं ना."

"मग? ती गेल्यावर?"

"तू फोनवर म्हणाली होतीस, पुढच्या महिन्यात येते."

कोणत्या महिन्यात, ते लेकीने विचारलं नाही. दर महिन्यालाच म्हणायची ती. तिने रेकॉर्डिंग बंद केलं. आईने सोललेला बटाटा पुन्हा एकदा सोलला.

*यजमान कुटुंबांचे खासगी आयुष्य…* नाही. पुढे काही सुचेना.

जेवायला पाहुण्यांनी टेबल भरलं. एकच खुर्ची रिकामी होती. लेक तिच्यावर बसली. आई वाढत होती. भाजी अळणी झालीय, असं कुणीतरी म्हणालं. "हो का? माफ करा हं, लगेच मीठ आणते," आई लोण्यासारख्या आवाजात म्हणाली. त्याच आवाजात तिने लेकीला विचारलं, आणखी वाढू का? लेक म्हणाली, "नको, छान झालंय." अर्धी भाजी ताटात ठेवून, हात आवरून ती इतरांसारखीच बसून राहिली.

आई मिठाची बाटली घेऊन परत आली. तिने ताटाकडे पाहिलं, मग लेकीकडे. बाटली टेबलावर जरा जोरातच ठेवली.

"हे काय? टाकलंस? कुणी खायचं ते? संपव आधी! आणि आत ये, सकाळपासून भांड्यांचा डोंगर साचलाय. तो काय माझा बाप येऊन घासणार आहे?"

एक म्हातारे गृहस्थ घाबरून आपलं ताट घेऊन उठू लागले.

"अहो, तुम्ही बसा, सावकाश होऊ द्या," आई त्यांना म्हणाली आणि आत गेली. आतून नळाचा आवाज आला.

लेकीने उरलेली भाजी दोन घासांत तोंडात कोंबली. शेजारच्या बाईंना राहवेना. त्या तिच्याकडे झुकून हळूच म्हणाल्या,

"फारच बोलल्या हो. तुम्ही इथे कामाला आहात का?"

"हो," भरल्या तोंडाने, बाह्या वर सारत ती म्हणाली. "लहानपणापासून."