हॅनाबाईंची ठेव

या, जरा जवळ सरकून बसा. समुद्राकाठच्या एका घरात एका मानी बापाची मान लवली, आणि लवल्यावर आणखीच उंच झाली, त्याची ही गोष्ट.

प्रल्हादने लाडवांचा डबा मिसेस ब्रेनन यांच्या हाती दिला आणि दारातच सांगून टाकलं,

"माझ्या आईने केलेत. ही आई, संध्याबाई. आणि ही ईशानी. यंदा तुमच्या कॉलेजात!"

"बाबा, शी नोज," ईशानी पुटपुटली.

मिसेस ब्रेनन अमेरिकेतल्या त्याच कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनी. आयर्लंडहून तिकडे निघालेल्या मुलींना त्या दर उन्हाळ्यात डब्लिनजवळच्या डून लेरी गावातल्या आपल्या घरी चहाला बोलवत. यंदा दोघीच होत्या, ईशानी आणि केरी परगण्यातली ईफा. तिकडे दोघी एकाच खोलीत राहणार होत्या. ईफाला शिष्यवृत्ती होती.

प्रल्हाद आयर्लंडमधल्याच पोर्टलीश गावच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ. लेकीचा प्रवेश झाल्यापासून "पूर्ण फी भरतोय, कोणाचा एक पैसा घेतला नाही," हे त्याने वॉर्डात, मराठी मंडळात, अगदी पार्किंगमध्येसुद्धा ऐकवलं होतं. कधी रंगात आला की पुढे जोडायचा, "आपल्यासारख्यांच्या पैशावरच तर बाकीची पोरं फुकट शिकतात." त्यावर काल ईशानी मराठीत बोलली होती. ती मराठीत बोलली की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

"ईफासमोर हे बोललात ना, तर मी जाणारच नाही."

चहा ओतून झाला. मिसेस ब्रेनन उभ्या राहिल्या.

"आमची एक रीत आहे. पहिला घास घेण्याआधी नव्या मुली आणि त्यांची माणसं उभं राहून हॅना ट्विचेलचं नाव घेतात. हातमोजे शिवता शिवता कारखान्याची मालकीण झालेली बाई. सगळं कॉलेजला ठेवून गेली."

ईफा उठली. प्रल्हाद हसला आणि बसूनच म्हणाला,

"ते स्कॉलरशिपवाल्यांसाठी असेल. आम्ही पूर्ण फी..."

ईशानीने हातातली बशी खाली ठेवली. ईफा गालिच्याकडे बघू लागली.

"माझ्या वडिलांनीही पूर्ण भरली होती," मिसेस ब्रेनन म्हणाल्या. "मटणाचं दुकान होतं त्यांचं. तेही असेच बसून राहिले होते. मग त्यांना कळलं, एका मुलीला शिकवायला कॉलेजला जो खर्च येतो, त्याला पूर्ण फीसुद्धा पुरत नाही. उरलेलं हॅनाच्या पैशाच्या व्याजातून येतं. ईफासाठी जास्त, ईशानीसाठी कमी. पण येतं दोघींसाठी."

"काय म्हणते रे ती?" संध्याबाईंनी विचारलं.

"एक बाई होती, आई... कायम ठेव ठेवून गेली. तिच्या व्याजावर..."

"म्हणजे आपल्या रामनवमीसारखं!" संध्याबाईंचा चेहरा उजळला. "मग नाव काय म्हणाली तिचं?"

प्रल्हादला गावचं रामाचं देऊळ आठवलं. रामनवमीच्या उत्सवात कीर्तन संपलं, बुवांच्या गळ्यातला हार उतरला, की देवळात पंगत बसे. त्या दिवसाचं जेवण कोणाच्या ठेवीच्या व्याजातून, ते नाव पुकारल्याशिवाय वाढपी जागचे हलत नसत. प्रल्हादच्या वडिलांनी उत्सवाला तांदळाचं पोतं दिलेलं असे, तरी त्या नावाला तेही उठून हात जोडत. पोत्याचा विषय त्यांनी पंगतीत कधी काढला नाही. घरी येऊन मात्र ऐटीत सांगत, "आज रामाकडे जेवलो."

प्रल्हाद उठला. टाय सरळ केला, हात जोडले, आणि देवळातल्या पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत पोचावं अशा आवाजात पुकारलं,

"हॅना ट्विचेल!"

मिसेस ब्रेनन यांच्या कपातला चहा हिंदकळला. ईफाला हसू आवरेना. ईशानी केव्हा शेजारी येऊन उभी राहिली, ते त्याला खांद्याला खांदा लागला तेव्हा कळलं. मग त्याने डबा उघडला आणि पहिला लाडू ईफाच्या बशीत ठेवला.

सोमवारी वॉर्डात नर्सने विचारलं, "काय डॉक्टर, फी भरली का सगळी?"

"भरली की," तो म्हणाला. आणि मग छाती पुढे काढून, "माझी लेक हॅनाबाईंकडे शिकायला चालली आहे."

हॅनाबाईंना मूलबाळ नव्हतं. आज पानावर बसाल तेव्हा पहिल्या घासाआधी त्यांची एकदा आठवण काढा.