सशासाठी पत्र

सरोवराकाठच्या डुलुथ शहरातल्या आमच्या इमारतीत प्राणी पाळायला बंदी आहे. तसं दारातच लिहिलंय. बर्फ काढणं, बॉयलर सांभाळणं ही कामं माझी. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर लोर्नाकडे ससा आलाय, हे मला सगळ्यांच्या आधी कळलं. मी गप्प बसलो. नवरा सरोवरात बुडाल्यापासून अकरा महिने ती घराबाहेर पडली नव्हती. माझ्याशीही दाराच्या फटीतून बोलायची. ससा आला आणि ती दार उघडायला लागली.

मॅनेजर मिसेस हॉलकॉम्ब नळ तपासायला आल्या, तेव्हा ससा सोफ्यावर होता. अंगात 'आधार देणारा प्राणी' असं लिहिलेलं लाल जाकीट. लोर्नाने इंटरनेटवरून मागवलेलं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र पुढे केलं.

"अगं, जाकीट कुत्र्याचं आहे! आणि असलं प्रमाणपत्र माझ्या फ्रिजलासुद्धा मिळेल."

"म्हणजे याला काढून टाकू?"

"मी तसं म्हटलं का? मनाच्या आधारासाठी प्राणी लागत असेल तर कायदा तुझ्या बाजूने आहे. तुझ्यावर उपचार करणाऱ्यांचं पत्र आण, बंदी उठली समज. दहा दिवसांत आण मात्र."

लोर्नाने समुपदेशक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "वर्षभर तुला पाहिलं नाही, पत्रात काय लिहू? ये इकडे."

क्लिनिक चार गल्ल्या खाली, सरोवराच्या बाजूला.

नवव्या दिवशी सकाळी मी बर्फ वितळावं म्हणून पायऱ्यांवर मीठ टाकत होतो. दार उघडलं. नवऱ्याच्या कोटात लोर्ना, कोटातून वर आलेला सशाचा एक कान. ती उंबऱ्यावर इतका वेळ थांबली की त्या कानावर बर्फ साचलं.

"अर्विन, माझ्या मागे येऊ नकोस."

"कोण येतंय? मला कामं आहेत."

"हा घाबरलाय बघ."

मी कोटावर हात ठेवला. ससा स्वस्थ होता. थरथर तिची होती.

मग तिने पाऊल खाली टाकलं. बर्फ फोडत बंदरात शिरणारी जहाजं मी चाळीस वर्षं पाहिलीत, पण त्या एका पावलाने मी जागीच खिळलो. हातातली बादली कलंडली तेही कळलं नाही. मिसेस हॉलकॉम्ब गाडीची काच खरवडत होत्या, त्यांचाही हात थांबला.

"मला आता पत्र नको," त्या हळूच म्हणाल्या. "फाईलला मात्र लागेल."

दुपारी दोन ओळींचं पत्र घेऊन लोर्ना चढ चढून आली. बर्फातल्या तिच्या पावलांच्या ठशांवर मी दिवसभर फावडं लावलं नव्हतं.